पाळण्यात मिशा

माझ्या सासऱ्यांना मी आवडत नव्हतो आणि मला ते आवडत नव्हते. लग्नाच्या पंगतीत आम्ही एकमेकांकडे नीट पाहिलं आणि तिथंच हे ठरून गेलं. त्यांचं घाटनांदूरला किराणा-भुसाराचं दुकान, आमचं केजला भांड्यांचं. दोन्ही घरं शिवभक्त. दोन्हीकडे सोमवार कडक, दोन्हीकडे कपाळाला विभूती. भांडायला देव उपयोगाचा नव्हता, जात उपयोगाची नव्हती. म्हणून आम्ही मानपानावर भांडायचो, आणि मनापासून भांडायचो.

सुरुवात माझ्या थोरल्या बहिणीनं केली. तिला मी अक्का म्हणतो. माझ्या लग्नात तिला माझ्या सासरकडून आहेराची जी साडी मिळाली, ती तिनं भर मांडवात उलगडली आणि उजेडाला धरली.

"बघा बघा," अक्का म्हणाली, "हिकडून बघितलं तर तिकडचा मारुती दिसतोय."

मांडव मारुतीच्या देवळासमोर होता आणि माझ्या सासूबाई अक्काच्या पाठीमागं होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणारी बाई फार काळ लक्षात ठेवते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढं मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे घाटनांदूरला. बारसंही तिथंच. नव्वदीतली ती वर्षं म्हणजे जो तो काही ना काही नवं घरात आणत होता. सासऱ्यांनी रंगीत टीव्ही आणला होता आणि तो भिंतीला पाठ लावून असा बसवला होता, की आलेल्या माणसानं आधी त्याला नमस्कार करावा. मग मी तरी मागं कशाला राहू? मी म्हणालो, बारशाचं व्हिडिओ शूटिंग करायचं.

शूटिंगवाला माझा शाळेतला दोस्त. केजच्या स्टँडजवळ त्याचं व्हिडिओ सेंटर होतं. गावात केबल आली आणि सेंटर बसलं. खुर्च्या त्यानं खपवल्या, पण कॅसेटी कुणी घेईना. मग त्यानं कॅमेरा घेतला आणि लग्नं, मुंजी, बारशी शूट करून त्याच जुन्या कॅसेटींवर भरायला लागला. मारधाडीच्या सिनेमावर कुणाची हळद, भुताच्या सिनेमावर कुणाची सत्यनारायणाची पूजा. लोकांना पत्ता नसायचा. मलाही नव्हता.

बारशाची एक रीत सगळ्यांना माहीत आहे. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, आणि त्याच वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या मारतात. का मारतात ते मला कुणी सांगितलेलं नाही. गमतीच्या असतात, बुक्क्यांपेक्षा बांगड्याच जास्त वाजतात. माझी अक्का वाकली. कुर्र म्हणाली. आणि तिच्या पाठीत पहिला धपाटा बसला तो माझ्या सासूबाईंचा.

आम्ही पुरुषमाणसं बाहेर ओट्यावर होतो. आवाज तिथपर्यंत आला. सासरे दुकानाकडं बघून म्हणाले, "पोतं पडलं वाटतं."

पोतं नव्हतं. अक्का पदर सावरत बाहेर आली, डोळ्यांत पाणी, तोंडात आग. "साडीचा सूड उगवला हो! सगळ्या बायकांसमोर मला बडवलं!" सासूबाई दारात उभं राहून म्हणाल्या, "रीत हाय ती. नाजूक असंल तर आत्या व्हायचं न्हाई."

तिथून लढाई जुंपली. आमच्या आईनं केजला येऊन जाहीर केलं, की इहीनबाईंनी माफी मागितल्याशिवाय त्यांची लेक आणि नात आपला उंबरा ओलांडणार नाही. सासऱ्यांनी उलटा निरोप धाडला, की माफी तर नाहीच, आणि न्यायला आलात तरी धाडणार नाही. माझे वडील भांडी मोजत म्हणाले, "माझ्यापर्यंत आणू नका." या सगळ्यात मला फक्त एवढंच हवं होतं, की बायको आणि मुलगी माझ्या घरी याव्यात. पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. बायकोलाही कुणी विचारलं नव्हतं.

मी आठवड्याला एकदा एसटीनं जायचो. अंबाजोगाईला गाडी बदलायची, घाटनांदूरला उतरायचं, सासऱ्यांच्या ओट्यावर बसायचं आणि बशीतला चहा प्यायचा. पाळणा आत, मी बाहेर, मधे सासरे पेपर उघडून बसलेले. तो पेपर ते वाचत नसत, भिंतीसारखा धरत. बरं, मुलगी बाहेर आणली तरी मला घेता येत नव्हती. आमच्याकडं तरण्या बापानं वडीलधाऱ्यांपुढं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही. पुतण्याला उचला, शेजाऱ्याचं पोर खांद्यावर घेऊन आख्खा बाजार फिरा, कुणी काही म्हणत नाही. स्वतःचं उचललं की बेशरम. मुलगी तिसऱ्या महिन्यात आली तरी तिचं वजन किती, हे माझ्या हातांना माहीत नव्हतं. आतून तिचं रडणं ऐकू यायचं, आणि सासरे पेपरच्या मागून म्हणायचे, "आवाज आमच्याकडचा हाय."

शेवटी मीच तोड काढली. म्हणालो, कॅसेट आहे ना? सगळ्यांनी मिळून बघू. बुक्की जोरात असेल तर सासूबाई माफी मागतील, हळू असेल तर अक्का मागेल. दोन्ही पार्ट्यांनी ताबडतोब मान्य केलं. दोघींनाही आपणच जिंकणार याची खात्री होती.

त्या दुपारी सासऱ्यांनी दुकानाची फळी ओढून घेतली. अंबाजोगाईहून व्हीसीआर आणवला होता. मी, आई आणि अक्का केजहून जीप करून गेलो. खोलीत एका बाजूला सतरंजीवर आमची माणसं, दुसऱ्या बाजूला गादीवर सासू-सासरे, समोर टीव्ही न्यायाधीशासारखा. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात, मांडीवर मुलगी. चहा आला. अक्कानं कपाला हात लावला नाही.

"घ्या की," सासूबाई म्हणाल्या.

"आधी निकाल लागू द्या," अक्का म्हणाली.

कॅसेट सुरू झाली. आधी गणपती, मग दोन्ही घरांची माणसं, मग जेवणाची पंगत. त्यात सासरे जिलेबी खाताना इतका वेळ दिसले, की माझ्या दोस्ताचं काही वैर होतं की काय असं वाटावं. मग पाळणा आला. अक्का वाकली. आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर एक मोठा लाल बदाम उमलला, बदामात माझ्या मुलीचा फोटो, आणि चारी बाजूंनी गुलाबाची फुलं पडायला लागली. फुलं पडून संपली तेव्हा अक्का पदर सावरत उभी होती. दोस्तानं कलाकारी केली होती. बुक्की फुलांखाली गेली होती.

"मागं घ्या," अक्का म्हणाली.

मागं घेतलं. परत बदाम, परत गुलाब.

"आवाज तर ऐका, आवाज!" आई म्हणाली. आवाजाच्या जागी सनई भरलेली होती.

"दिसलं का कुठं मारलेलं?" सासूबाईंनी पदर खोचला. "दिसली का बुक्की? फुलं दिसतेत, फुलं!"

"फुलं कुणी टाकायला लावली ते सांगा!"

"तुमच्या केजचाच हाय तो व्हिडिओवाला."

"व्हिडिओवाला केजचा आसंल, बुक्की घाटनांदूरची हाय!"

"ओ बाई, आवाज खाली," सासरे म्हणाले. "घर माझं हाय."

"घर तुमचं हाय, तर माझ्या लेकीच्या पाठीचा मणका बी तुमचाच का?" आई म्हणाली.

"लेक माझी बी हाय. न्हाई धाडत. जा."

"ठिवा मग! बरणीत घालून ठिवा, कैरीवानी!"

मी दोन्हीकडं हात जोडत होतो आणि कुणी बघत नव्हतं. टीव्ही बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिकडं कॅसेट आपली चालू होती. बायका पाळणा गात होत्या, शेवटी कॅमेरा पाळण्याच्या अगदी जवळ गेला, टोपडं घातलेली माझी मुलगी दिसली, मग पडद्यावर मुंग्या आल्या. आणि मुंग्या गेल्या तर समोर परत पाळणाच. फक्त पाळण्याची दोरी ओढत होता एक मिशाळ प्राणी.

भांडण अर्ध्यावर सोडून सगळे टीव्ही बघायला लागले.

तो प्राणी कोणता हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगानं म्हशीएवढा, पाय नाहीत, मागं माशासारखी शेपटी, तोंडातून खाली आलेले दोन सुळे, आणि सुळ्यांवर अशा भरघोस मिशा, की तशा मिशा त्या खोलीत दुसऱ्या एकाच माणसाला होत्या. फार वर्षांनी मला कळलं, की त्याला वॉलरस म्हणतात आणि तो बर्फात राहतो. चित्रपट जुनापुराणा होता. रंग धुऊन धुऊन उडालेल्या लुगड्यासारखे, मागं पिपाणीसारखा बाजा. दोस्ताच्या सेंटरमध्ये सुट्टीत पोरांना दाखवायची ती कार्टूनची कॅसेट. तिच्यावर त्यानं बारसं भरलं होतं, आणि बारसं कॅसेटपेक्षा लहान निघालं होतं.

मिशाळ बाप पेपर वाचत होता. पेपर वाचता वाचता शेपटीनं पाळण्याची दोरी ओढत होता. पाळणा रिकामा होता. त्याचं पोरगं बाहेर कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांना धरून लोंबकळत होतं आणि खिदळत होतं. बापानं पेपर खाली केला, पाळण्यात बघितलं, त्याचे सुळे वाजले, आणि तो धावला. दोरी धरायला गेला तो खालच्या कपड्यांच्या टबात पडला. टबातून वर आला तेव्हा अंगभर फेस, आणि डोक्यावर बाळाचं टोपडं, हनुवटीखाली गाठ पडलेलं.

आमच्या सतरंजीवरच्या सगळ्या माना हळूहळू पडद्यावरून गादीकडं वळल्या. सासऱ्यांच्या मांडीवर त्या दिवशीचा पेपर होता. डोक्यावर पांढरी टोपी होती. मिशा तर होत्याच. त्यांनी पेपर हळूच मांडीखाली सरकवला, आणि ते बघून मी हसलो. मी फार जोरात हसलो.

"हे कावून लावलं?" त्यांनी मला विचारलं.

"मामा, मी न्हाई लावलं. ते लागलं."

"मुद्दाम केलं हे. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर!"

"थांबा हो, बघू द्या," सासूबाई म्हणाल्या. त्या पुढं सरकल्या होत्या.

पडद्यावर आई आली होती. ती पण तशीच जाडजूड, हातात छत्री, डोक्यावर फुलांची टोपी. तिनं घराकडं बघितलं, टबाकडं बघितलं. मग वाळलेलं धडुतं काढावं तसं पोर दोरीवरून काढलं आणि काखेत घेतलं. दुसऱ्या हातानं नवऱ्याचा कान धरला, त्याला उचलून पाळण्यात कोंबलं, गळ्यात लाळेरं बांधलं, दोन सुळ्यांच्या मधे दुधाची बाटली अडकवली. मग दोरीचं एक टोक तिनं धरलं, एक पोरानं धरलं, आणि दोघं मिळून बापाला झोके द्यायला लागले. बाप चोखत चोखत झोपला. चारी बाजूंनी काळा गोल मिटत आला, मिशीचं एक टोक बाहेर राहिलं, फुरफुरलं, आणि तेही आत ओढलं गेलं. इंग्रजी अक्षरं आली. संपलं.

या गोष्टीची सुरुवात काय होती, ती आई कुठं गेली होती, का गेली होती, हे मला आजपर्यंत माहीत नाही. कारण सुरुवातीवर माझ्या मुलीचं बारसं आहे. पण शेवट बघितल्यावर त्या खोलीत सुरुवात सगळ्यांनाच ठाऊक झाली.

"हुंदडायला गेलती भवानी," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू बाप्यापाशी टाकून."

"बाजारला गेलती," आई म्हणाली. "छत्री होती हातात. उन्हाची कोण हुंदडतंय?"

"टोपीला फुलं लावून बाजारला?"

"आल्या आल्या आधी लेकरू उचललं का न्हाई तिनं? मग? चांगली सून हाय."

"चांगली सून नवऱ्याचा कान धरती व्हय?"

मी बघत राहिलो. माझी आई सुनेच्या बाजूनं बोलत होती आणि सासूबाई सासूच्या. दोघींच्याही हे ध्यानात नव्हतं. अक्का मधे म्हणाली, "माझ्या पाठीचं काय?" पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"बंद करा ते!" सासरे उठून उभे राहिले. "माझा तमाशा लावलाय! ऐका जावईबापू, माझी लेक न्हाई यायची तुमच्या घरी. आज न्हाई, कधीच न्हाई. जीप आणलीय ना? बसा आन् निघा."

"चल रे," आई उठली. "लई झालं."

मी उठलो नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, कारण तिकडून एक बारीक आवाज येत होता. माझी बायको तोंडात पदर कोंबून हसत होती. पोट धरून, भिंतीला टेकून. तिला तसं हसताना मी बाळंतपणानंतर पहिल्यांदा बघत होतो. मांडीवरची मुलगी त्या हसण्यानं हलत होती.

"शेवट परत लावा की," ती म्हणाली.

"तू आत जा," सासरे म्हणाले.

ती आत गेली नाही. ती बाहेर आली. सतरंजी ओलांडून, आपल्या बापाच्या आणि माझ्या आईच्या मधून, थेट माझ्यापुढं. आणि सगळ्या वडीलधाऱ्यांदेखत मुलगी माझ्या मांडीत ठेवली.

"अहो, धरा," ती म्हणाली. "मी पिशवी भरते."

आणि आत गेली.

व्हीसीआर रिकामाच घरघरत होता. मी बसलेलो, मांडीत माझीच मुलगी, आणि समोर सासरे, सासूबाई, आई, अक्का. शरमेनं माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. मुलगी गरम होती आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. तिनं माझ्या शर्टाचं बटण धरलं आणि ओढलं. मी तिला उचलून नीट घ्यायला गेलो.

"डोकं!" माझी आई ओरडली.

"डोकं धरा, डोकं!" सासूबाई ओरडल्या.

"डोक्याखाली हात घाल, बावळटा!"

"आसं न्हाई! कोपर वर! मान लचकंल तिची!"

"भांड्यागत धरलंय बघा, परातीगत!"

"इहीनबाई, तुमच्याकडं कुणी शिकवलं न्हाई का ह्याला?"

"काय शिकवायचं, लहानपणापासून हातातनं तांब्या सुटतो ह्याच्या!"

दोघी एकदम धावून आल्या. एकीनं माझा डावा हात मुरगळून डोक्याखाली दिला, दुसरीनं उजवा ओढून ढुंगणाखाली लावला. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसल्या आणि दोघी मिळून मला शिव्या द्यायला लागल्या. इतकं एकसुरात बोलताना त्यांना मी कधीच ऐकलं नव्हतं. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. तीन महिने एकमेकींवर धरलेलं सगळं त्यांनी माझ्या अंगावर ओतलं. मी मान खाली घालून मुलीकडं बघत होतो. ती बटण चघळत होती.

सासरे थोडा वेळ उभेच राहिले. त्यांना कुणाशी भांडावं ते कळेना, कारण त्यांची बायको शत्रूच्या बाजूला बसली होती, नाहीतर शत्रू त्यांच्या बाजूला आला होता. शेवटी माझ्याकडं बोट दाखवून त्यांनी निकाल दिला.

"ह्याच्या भरवशावर लेकरू धाडायचं न्हाई."

मी मुलीला आणखी घट्ट धरलं.

"तू जा संगं," ते सासूबाईंना म्हणाले. "महिनाभर ऱ्हा. ध्यान ठिव ह्याच्यावर."

मी आईकडं बघितलं. तिचा उंबरा होता, तिची अट होती. आईनं मुलीचं टोपडं नीट केलं.

"येऊ द्या," ती म्हणाली. "मला एकटीला ह्याच्यावर ध्यान ठिवणं व्हायचं न्हाई."

"आन् माझी पाठ?" अक्का म्हणाली.

"तू गप गं," आई म्हणाली.

बायको पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी आधीपासूनच भरलेली असावी, इतक्या लवकर आली. सासरे जीपपर्यंत आले. मला वाटलं, आता नातीच्या डोक्यावर हात ठेवतील, दोन शब्द बोलतील. त्यांनी खिडकीत वाकून ड्रायव्हरला सांगितलं, "हळू चालव. आन् ह्याला लेकराच्या जवळ बसवू नको."

म्हणून आम्ही असे बसलो. पुढं ड्रायव्हरशेजारी अक्का, पाठ कशालाही टेकू न देता. मधल्या सीटवर आई आणि सासूबाई, दोघींच्या मांड्यांवर आडवी माझी मुलगी. पार मागं मी आणि माझी बायको, पिशव्यांच्या मधे, गुडघ्याला गुडघा लावून. जीप घाटनांदूरच्या बाहेर पडली तसं मधल्या सीटवर माझ्याबद्दल बोलणं सुरू झालं.

"पहिल्याच दिवशी ध्यानात आलतं माझ्या," सासूबाई म्हणत होत्या. "अक्षता टाकताना बी हात आखडता होता."

"आन् जेवतो कसा, ते बघितलं का तुमी?" आई म्हणत होती. "थांबा, सांगते."

केजपर्यंत त्या थांबल्या नाहीत, आणि मी मध्ये एकदाही बोललो नाही.